ए मायनर सूट : झेरॉक्सवरच्या एका नावामागचा कागद शोधताना

ही हकीकत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आहे आणि तिच्यातला एक मोठा भाग माझा स्वतःचा आहे. तिच्या संमतीने लिहितो आहे. तिचे नाव, तिची संस्था आणि शहर गाळले आहे. मी पुण्यात अभिजात गिटार शिकवतो. ती माझ्याकडे शाळेत असल्यापासून शिकत होती. पुढे मास्टर्ससाठी जर्मनीला गेली. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तिच्या शेवटच्या वर्षाच्या वादनाची तयारी चालू असताना हे सगळे घडले.

पार्श्वभूमी

तिच्या संस्थेत शेवटच्या परीक्षेला जाहीर वादन असते. सोबत कार्यक्रमपत्रिकेसाठी टिपण लिहायचे असते आणि त्यातल्या प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. तिने विषय घेतला होता ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याचा वादक आणि रचनाकार सिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस.

वाइस हा जर्मन संगीतकार बाखचा समकालीन, दोन वर्षांनी धाकटा. ज्या १७५० साली बाख गेला त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला तो ड्रेस्डेनमध्ये वारला. वडील योहान याकोब ल्यूटवादक, भाऊ योहान सिगिसमुंडही ल्यूटवादक, घरच ल्यूटचे. तरुणपणी पोलंडचा राजपुत्र अलेक्झांडर सोबिएस्की याच्या पदरी तो रोमला होता. संगीतकार दोमेनिको स्कार्लाती त्याच काळात त्याच सोबिएस्की घराण्याच्या चाकरीत होता. १७१४ मध्ये राजपुत्र वारला. १७१८ पासून वाइस ड्रेस्डेनच्या दरबारात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. ल्यूटसाठी त्याच्याइतके संगीत मागे ठेवणारा दुसरा रचनाकार त्या शतकात नाही. सहाशेच्या आसपास रचना आज हातात आहेत. हयातीत मात्र एकच छापली गेली : संगीतकार टेलेमानने १७२८ मध्ये आपल्या संगीत-नियतकालिकात घेतलेला एक प्रेस्तो. बाकी सगळे हस्तलिखितात. मोठे संग्रह दोन, लंडनचा आणि ड्रेस्डेनचा. उरलेले व्हिएन्ना, वॉर्सा, मॉस्को असे विखुरलेले.

हा तपशील पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. ज्याचे संगीत छापलेच गेले नाही, त्याच्या नावावर काहीही खपवता येते. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ आले म्हणून प्रत्येक अभंग तुकोबांचा ठरत नाही, प्रक्षिप्त अभंग वेगळे काढावे लागतात. ख्यालातही ‘सदारंग’ ही छाप असलेली प्रत्येक चीज सदारंगाचीच, असे जाणकार मानत नाहीत. सदारंग ज्याच्या दरबारात होता तो महंमदशाह रंगीला १७१९ मध्ये तख्तावर बसला, म्हणजे वाइस ड्रेस्डेनला लागला त्याच्या पुढच्याच वर्षी. दोन दरबारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण प्रश्नाची जात एकच आहे, आणि मला तो या उदाहरणामुळेच नीट कळला.

तिच्या कार्यक्रमाचा मुख्य भाग होता ‘वाइस : सूट, ए मायनर’, म्हणजे ए मायनर या सुरात बांधलेल्या, बहुतेक नृत्यप्रकारांवरच्या, छोट्या भागांची मालिका. प्रेल्यूड, आलमांद, साराबांद, गावोत, जीग. हा सूट तिला मीच शिकवला होता. गोव्यातल्या एका स्नेह्याने दिलेली झेरॉक्स होती. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात फक्त ‘वाइस’ एवढेच. संपादकाचे नाव नाही, प्रकाशकाचे नाव नाही. त्या झेरॉक्सची झेरॉक्स मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना देत आलो.

अडचण कुठे आली

डिसेंबरमध्ये तिचा फोन आला. प्रश्न साधा होता.

“सर, साराबांदमधला तो अलंकार मुळात आहे का, की संपादकाने घातलाय? मी मूळ हस्तलिखित बघायला गेले, तर मला तो सूटच सापडत नाहीये.”

मी म्हणालो, नीट बघ, क्रमांक वेगळा असेल. हे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. वाइसच्या सोनाटांचे (त्याच्या अशाच अनेक भागांच्या रचनांचे) क्रमांक म्हणजे खरोखर गुंता आहे. लंडनच्या हस्तलिखितातला क्रम वेगळा, ड्रेस्डेनच्या खंडांतला वेगळा, संपूर्ण आवृत्तीतला वेगळा आणि गिटारसाठी निघालेल्या जुन्या प्रतींतला आणखी वेगळा. एकच सोनाटा दोन ध्वनिमुद्रिकांवर दोन क्रमांकांनी येतो. नावाचे लेखनही एक नाही. सिल्व्हिउस, सिल्व्हियो, वाइस एका एसने, दोन एसने, किंवा जर्मन ‘एस-त्सेट’ने. एका लेखनाने शोधले की निम्मे हाती येते.

म्हणून तिने आणखी आठवडाभर शोधले. तेवढ्यात दुसरी अडचण आली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला होता आणि तिथल्या हस्तलिखितांकडे नेणारे दुवे बंद पडले होते. लंडनचे हस्तलिखित नेमके तिथलेच, ॲड. एमएस ३०३८७. जिथे तिथे त्याचा उल्लेख होता, दुव्यावर बोट ठेवले की कोरे पान.

दुसरीकडे ध्वनिमुद्रणांचा पूर होता. ‘वाइस, सूट, ए मायनर’ असे शोधले की पुढे तोच आमचा सूट, वेगवेगळ्या वादकांचा, आणि बहुतेक ठिकाणी नाव वाइसचे. जुन्या तबकड्यांवर जे छापलेले असते तेच यंत्र उचलते आणि पुढे वाटत राहते. दहा ठिकाणी एकच नाव दिसले की दहा साक्षी मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात साक्ष एकच असते, दहा वेळा उतरवलेली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कार्यक्रमाची अंतिम यादी द्यायची होती.

पहिला निर्णय : “सापडत नाही” याचा अर्थ काय लावायचा

संगीताच्या हस्तलिखितांची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे, रिझम. ती ऑनलाइन खुली आहे आणि तिथे रचनेचे पहिले काही स्वर टाकून शोधता येते. तिने सूटच्या पाचही भागांचे आरंभ टाकून पाहिले. वाइसच्या नावावर काही आले नाही, दुसऱ्या कोणाच्याही नावावर आले नाही.

इथे आम्हा दोघांचे मत वेगळे पडले. तिचे म्हणणे, हा सूट वाइसचा नाहीच. माझे म्हणणे, सूची अपुरी असू शकते. प्रत्येक हस्तलिखिताच्या प्रत्येक भागाचे आरंभ तिथे चढवलेले असतीलच असे नाही. खरे सांगायचे तर माझ्या हट्टामागे केवळ तर्क नव्हता. तो सूट मला फार प्रिय होता आणि मी तो वाइस म्हणूनच ऐकला होता.

मी तिला म्हणालो, नसल्याचा पुरावा नको, असल्याचा आण. तो कोणाचा आहे हे सांगणारा कागद मिळाला तर मी मान्य करतो. अडवण्यासाठी मांडलेली ही अट पुढे सगळ्या कामाला उपयोगी पडली, हे मात्र खरे.

कागद मिळायला चार दिवस लागले. तिच्या संस्थेच्या ग्रंथालयात स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने मेक्सिकन संगीतकार मानुएल पोन्से याला लिहिलेल्या पत्रांचे छापील पुस्तक होते. पोन्से विसाच्या दशकात पॅरिसला राहात होता आणि सेगोव्हियासाठी सतत गिटारच्या रचना लिहीत होता. १९२९ च्या सुमाराला त्याने जुन्या बरोक, म्हणजे वाइस-बाखच्या काळच्या, धाटणीत हा ए मायनर सूट लिहिला आणि सेगोव्हियाने तो वाइसच्या नावाने वाजवला, ध्वनिमुद्रितही केला. बाखचे नाव लावले असते तर जाणकारांनी लगेच विचारले असते की ही रचना कुठल्या हस्तलिखितात आहे. वाइसचे नाव त्या काळी अगदी थोड्यांना ठाऊक होते. पुढे खुलासा झाला आणि आज त्याबद्दल अभ्यासकांत वाद उरलेला नाही. ‘बाल्लेत्तो’ आणि एक ‘प्रेलूदियो’ या पोन्सेच्या रचनाही अशाच वाइसच्या नावाने फिरत राहिल्या.

म्हणजे ही माहिती गुप्त नव्हती. शोधणाऱ्याला ती अनेक ठिकाणी मिळाली असती. पण ती शोधायची तर आधी शंका यावी लागते, आणि शंका येऊ नये अशी सोय माझ्या झेरॉक्सने केली होती.

तिने पत्रांची पाने मोबाइलवर टिपून पाठवली. मी रात्री बराच वेळ झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढून पुन्हा वाजवला. आता ऐकू यायला लागले : ठिकठिकाणी सहा तारांच्या गिटारला अगदी मापात बसणारे स्वरसमूह, आणि हार्मनीतली काही वळणे जी ल्यूटवर त्या काळात कोणी घेतली नसती. अर्थात एकदा नाव कळल्यावर असे ऐकू येणे सोपे असते, म्हणून त्याला मी पुरावा म्हणत नाही.

समोरचे पर्याय

यादी द्यायला नऊ दिवस उरले होते. चार मार्ग होते.

नाव तसेच ठेवायचे, हा पहिला. कोणी आक्षेप घेतला असता की नाही कोण जाणे. तिने तो एका वाक्यात बाजूला सारला, आणि मी तो मांडलाही नव्हता हे नोंदवायला हवे.

सूट काढून टाकायचा आणि वाइसचा अस्सल सोनाटा बसवायचा, हा दुसरा. यात विषय शाबूत राहात होता, पण जूनपर्यंत साडेपाच महिन्यांत वीसेक मिनिटांचे नवे संगीत उभे करायचे होते, आणि तेही मनासारखी गिटारची प्रत मिळाली नाही तर थेट टॅब्लेचरवरून, म्हणजे बोट कुठे ठेवायचे ते दाखवणाऱ्या जुन्या ल्यूट-लिपीवरून.

तिसरा मार्ग, सूट पोन्सेच्या नावाने ठेवायचा आणि टिपणात ती कहाणी सांगायची. श्रम सर्वांत कमी. पण मग वाइस हा विषय उरतच नव्हता. उरत होती त्याच्या नावाची एक गंमत. तिला ते सलत होते. “सर, सगळे लोक त्याला याच सूटमुळे ओळखतात आणि हा त्याचा नाहीये. मग त्याचं स्वतःचं कोण वाजवणार?”

चौथा मार्ग दुसरा आणि तिसरा यांची सांगड घालण्याचा : ए मायनरमधलाच वाइसचा खरा सोनाटा पूर्ण, आणि शेजारी पोन्सेचे दोन भाग त्याच्या स्वतःच्या नावाने. दोन्ही एकाच सुरात असल्याने ऐकणाऱ्याला तुलना कानाने करता येणार होती.

माझा कौल तिसऱ्याकडे होता. परीक्षेच्या वर्षात धोका नको, असे मला वाटत होते. तिने चौथा घेतला. आज वाटते, तिचेच बरोबर होते. पण त्या वेळी तिच्याजवळ वेळेचा नीट हिशोब नव्हता आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

प्रत्यक्षात काय केले

*सोनाटा निवडणे.* वाइसच्या फारच थोड्या सोनाटांना नावे आहेत. त्यातला एक ए मायनरमध्ये आहे, ‘लांफिदेल’, म्हणजे अविश्वासू. एन्त्रे, कुरांत, साराबांद, मेन्युएट, म्युझेत, पेझान असे सहा भाग. बेवफा प्रेयसी, की त्या काळच्या युरोपात तुर्कांना ज्या अर्थाने हा शब्द लावत तो, यावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे. तिने टिपणात दोन्ही अर्थ एका वाक्यात देऊन विषय सोडला.

*मूळ पाठ मिळवणे.* लंडनचे हस्तलिखित पडद्यावर येत नव्हते. पण वाइसच्या संपूर्ण आवृत्तीचे खंड, जे पीटर्सने सुरू केले आणि पुढे बेरेनरायटरकडे गेले, तिच्या ग्रंथालयात होते, आणि त्यात हस्तलिखिताच्या पानांच्या प्रतिकृती छापलेल्या आहेत. इथे ऑनलाइन साधनांपेक्षा फळीवरचे जड पुस्तक कामी आले. उलट टॅब्लेचर वाचायचा सराव तिने ऑनलाइनच केला : ड्रेस्डेनच्या राज्य आणि विद्यापीठ ग्रंथालयाने आपला वाइस-संग्रह, म्युझ. २८४१-व्ही-१, स्कॅन करून खुला ठेवला आहे. रोज दोन पाने, तीन आठवडे. शिवाय ल्यूट संगीताचा ‘एकोल्म’ नावाचा एक इलेक्ट्रॉनिक संग्रह इंग्लंडमधल्या विद्यापीठांतून उभा राहिला आहे. त्यात टॅब्लेचर यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात ठेवले आहे, त्यामुळे आपण वाचलेले बरोबर आहे का ते ताडून बघता येते.

*टॅब्लेचर गिटारवर आणणे.* या भागाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण निर्णय सगळे इथेच होते. वाइसच्या प्रौढ काळातल्या ल्यूटला तारांचे तेरा गट, एकूण चोवीस तारा. वरच्या सहा गटांवर बोटे चालतात आणि त्या डी मायनरच्या स्वरांत लावलेल्या असतात. खालचे सात गट मोकळेच वाजवायचे, पायरीपायरीने उतरणारे, रागाप्रमाणे आधी लावून घ्यायचे, तरफा लावतात तसे. टॅब्लेचरमध्ये सहा रेघा. वरची रेघ म्हणजे सर्वांत उंच तार. ‘ए’ म्हणजे मोकळी, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा, ‘सी’ म्हणजे दुसरा. खालचे खर्ज रेघांच्या खाली तिरप्या काट्यांनी आणि आकड्यांनी दाखवतात. स्वर किती वेळ टिकवायचा हे लिहिलेले नसते. बोट कुठे ठेवायचे आणि पुढचा स्वर कधी येतो एवढेच कळते.

गिटारच्या सहा तारांवर ते सात खर्ज कुठून आणायचे? एक तर ते सप्तकभर वर उचलायचे, म्हणजे खर्जाची उतरण मध्येच उडी मारते. किंवा गाळायचे. किंवा पूर्ण सोनाटा दुसऱ्या सुरात न्यायचा. तिसरा उपाय सर्वांत सोयीचा होता, पण मग पोन्सेच्या शेजारी ठेवण्याचा मुद्दाच निसटला असता. तिने ए मायनर कायम ठेवले, सहावी तार डीला उतरवली आणि उतरणीत उडी घ्यावीच लागली तर ती ताल सुरू होण्याआधी घ्यायची, मध्ये नाही, असा नियम स्वतःपुरता घालून घेतला. प्रत्येक बदल तिने पेन्सिलीने वेगळ्या खुणेने दाखवला. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध होत होती. तिच्या पानांच्या तळाशी पाठभेदांच्या ओळी पाहिल्याचे मला तेव्हा आठवले, आणि मी तिला तेच म्हणालो : वर तुझा पाठ, खाली मूळ, वाचणाऱ्याला दोन्ही दिसू दे.

*चरित्राचे टिपण.* तिच्या पहिल्या मसुद्यात तीन गोष्टी होत्या ज्या वाचायला फार छान होत्या. त्या तपासायला आम्ही आधारांचे तीन ढीग केले : त्या काळचे कागद, पुढच्या काळात सांगितलेल्या आठवणी, आणि आजचे लिखाण.

पहिली गोष्ट जन्माची. बऱ्याच जागी ब्रेस्लाऊ, १६८६ असे आहे. नव्या संशोधनाने ग्रोटकाऊ, १६८७ हे पुढे आणले. ते गाव आज पोलंडमध्ये ग्रोदकूव्ह आहे. दोन्ही तारखा ऑनलाइन शेजारीशेजारी नांदतात, कारण जुने कोश स्कॅन होऊन नव्याइतकेच ताजे दिसतात. तिने नवी घेतली आणि जुनी का दिसते ते एका ओळीत सांगितले.

दुसरी गोष्ट बाखबरोबरच्या सामन्याची. दोघांनी समोरासमोर बसून उत्स्फूर्त फ्यूग (एकच विषय अनेक आवाजांत गुंफत नेणारी रचना) वाजवण्यात चढाओढ केली, ही कथा फार जणांना तोंडपाठ आहे. तिचा माग काढला तर ती संगीतलेखक राइखार्टपाशी पोचते, आणि राइखार्टने ती १८०५ मध्ये छापली. त्याचा जन्मच १७५२ चा, म्हणजे दोघेही गेल्यानंतरचा. याउलट बाखच्या घरी राहणारा त्याचा नातलग आणि चिटणीस योहान एलिआस बाख याच्या १७३९ च्या पत्रात साधी नोंद आहे : ड्रेस्डेनहून वाइस आणि क्रोफगान्स हे ल्यूटवादक आले होते आणि घरात उत्तम संगीत झाले. सामन्याचा शब्द नाही. तिने पत्र ठेवले, कथा काढली. मला कथा काढल्याचे थोडे वाईट वाटले, पण पत्र हे त्याच वर्षीचे, त्याच घरातले आहे. त्याच्यापुढे कथेला जागा नव्हती.

या भेटीशी जोडून एक खरोखर मोठी गोष्ट तिला मिळाली. बाखच्या नावावरचा व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डसाठीचा ए मेजर सूट, बाखच्या रचनासूचीतला बीडब्ल्यूव्ही १०२५, अनेक वर्षे संशयात होता. अभ्यासकांना शैली बाखची वाटत नसे. १९९३ मध्ये त्याचा उलगडा प्रसिद्ध झाला : सुरुवातीचा फांतासिया सोडला तर तो ड्रेस्डेनमधल्या वाइसच्या एका ल्यूट सोनाटावर, वाइसच्या रचनासूचीतल्या एसडब्ल्यू ४७ वर, उभा आहे. एका बाजूला वाइसचे संगीत बाखच्या नावाखाली, दुसऱ्या बाजूला पोन्सेचे वाइसच्या नावाखाली. हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवायचे, एवढाच तिच्या टिपणाचा गाभा झाला. ही कल्पना तिची. मी फक्त वाक्ये तोडली.

तिसरी गोष्ट १७२२ ची, पेती नावाच्या व्हायोलिनवादकाने वाइसच्या अंगठ्याला चावा घेतल्याची. चरित्रात ती सगळीकडे येते. पण तिला त्या वेळचा मूळ कागद वेळेत हाती घेता आला नाही, म्हणून ती टिपणात घेतली नाही. मूळ कागद बघितल्याशिवाय काहीच घ्यायचे नाही, असा ताठर नियम मात्र नव्हता. जन्मतारीख तिने इतरांच्या संशोधनावर विसंबूनच घेतली. जिथे गोष्ट चटपटीत तिथे जास्त सावध, एवढे तारतम्य होते.

ल्यूटवादक बारोनच्या १७२७ च्या ल्यूटवरील पुस्तकातला वाइसच्या स्तुतीचा उतारा तिने स्वतः वाचून घेतला. ते पुस्तक स्कॅन होऊन खुले आहे, पण जुन्या जर्मन टायपातले आहे. यंत्राने केलेल्या वाचनात लांब ‘एस’चा ‘एफ’ होतो आणि शब्द शोधायला गेले की सापडत नाहीत. तिने एका जर्मन मैत्रिणीला शेजारी बसवून पान मोठ्याने वाचून घेतले.

*संस्थेला कळवणे.* यादीबदलाच्या अर्जात तिने कारण सरळ लिहिले : पूर्वी दिलेली रचना चुकीच्या नावाने दिली होती. मार्गदर्शकांनी अर्ज मान्य केला. पण वादनाचा एकूण वेळ वाढवून मिळणार नाही, असे कळवले.

निष्पत्ती

जूनमध्ये वादन झाले. मी ते पडद्यावर ऐकले.

लांफिदेल बसवायला तिला वाटले त्यापेक्षा महिनाभर जास्त लागला होता. त्यामुळे पोन्सेचे दोन भाग ठरले होते, त्यातला साराबांद तेवढा राहिला. सोनाटाच्या शेवटच्या पेझानमध्ये तिने पुनरावृत्त्या गाळल्या, आणि म्युझेतमध्ये एका जागी तिचा हात अडखळला. साराबांदमागून साराबांद आली तेव्हा सभागृहात जी शांतता होती ती पडद्यातूनही कळली. वाइसची आधी, मग पोन्सेची. दुसरी जास्त गोड लागते, हे मी आजही म्हणेन. पहिलीत मात्र खर्जाचा स्वर वाजून जातो आणि वरचे स्वर त्याची वाट बघत थांबतात. ते पोन्सेच्या साराबांदमध्ये मला ऐकू येत नाही.

परीक्षकांपैकी एकाने खर्ज सप्तकभर वर नेण्याच्या निर्णयावर हरकत घेतली. सातव्या-आठव्या तारेची गिटार का घेतली नाही, असा त्यांचा प्रश्न होता. तिने पेन्सिलीच्या खुणांची प्रत पुढे ठेवली आणि एकेका जागेचे कारण दिले. त्यांचे समाधान झाले असे नाही, पण चर्चा त्या कागदावर झाली. ती उत्तीर्ण झाली. टिपणाला वादनापेक्षा चांगले गुण मिळाले; तिला त्याची खंत आहे.

आज पुन्हा करायचे तर

चरित्रापासून सुरुवात करायची नाही. तिचे पहिले तीन आठवडे जन्म, प्रवास, दरबार यांत गेले आणि शेवटी त्याचा एक परिच्छेद झाला. आधी रचना कुठल्या हस्तलिखितात, कुठल्या पानावर आहे ते बघायला हवे होते. ते दोन दिवसांचे काम होते, आणि सूटचा घोटाळा डिसेंबरऐवजी सप्टेंबरमध्येच उघड झाला असता. पोन्सेचा दुसरा भाग आणि पेझानच्या पुनरावृत्त्या, दोन्ही त्या तीन महिन्यांत मावले असते.

दुवा ही नोंद नव्हे. तिच्या पहिल्या वहीत ब्रिटिश लायब्ररीचे बारा दुवे होते आणि एकाही ठिकाणी पान क्रमांक नव्हता. दुवे मेले तेव्हा वही निकामी झाली. आता ती ग्रंथालयाचे नाव, हस्तलिखिताचा क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख लिहिते, आणि परवानगी असेल तिथे प्रतिमा स्वतःकडे उतरवून ठेवते.

सोनाटा दरवेळी हस्तलिखित, सूर आणि पहिल्या भागाचे नाव यांसह लिहावा; नुसता क्रमांक लिहिला की चुकामूक ठरलेली.

वेळेचा हिशोब मी करायला हवा होता. चौथा मार्ग तिने निवडला तेव्हा मी मनातून नाराज होतो आणि म्हणून वेळापत्रकाची चर्चाच टाळली. गुरूने असे करू नये. टॅब्लेचरवरून वीस मिनिटांचे संगीत बसवायला किती आठवडे लागतात हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

आणि ती झेरॉक्स. संपादकाचे नाव नसलेला कागद हातात आला त्या दिवशीच मी विचारायला हवे होते की हा कुठून आला. माझ्याकडे तेव्हा शंका घ्यायला कारण नव्हते, हे खरे. पण कागदावर तीनच अक्षरी नाव असणे हेच कारण होते. जुलैमध्ये मी त्या प्रतीवर वाइस खोडून ‘मानुएल पोन्से, सुमारे १९२९’ असे लिहिले आणि ज्यांना ज्यांना तो सूट शिकवला त्यांची यादी केली. अकरा जण निघाले. नऊ जणांना कळवले आहे. उरलेल्या दोघांचे पत्ते अजून मिळालेले नाहीत.